पिवळ्या पट्टीच्या मागे

नाही नाही, तिला कशाला विचारताय सिस्टर, मला विचारा ना — झोप कशी लागली, भूक कशी आहे, दम किती पावलांवर लागतो, सगळं माझ्याकडे लिहिलेलं आहे. ती काय सांगणार? ती म्हणेल, "बरं आहे." सत्तेचाळीस वर्षं झाली लग्नाला, या बाईच्या तोंडून तब्येतीबद्दल 'बरं आहे'च्या पुढे मी काही ऐकलेलं नाही. बघा, हसतेय. दोन पावलं चालायला दम लागतो, पण माझ्यावर हसायला लागत नाही. तुम्ही अशा इकडे बसा, ती खुर्ची डुगडुगते, तिच्या पायाखाली मी आज-उद्या पुठ्ठा घालणार आहे — गेल्या वर्षीपासून आज-उद्याच चाललंय. आणि इतक्या सकाळी कशा आलात, चहाच्याही आधी? घरी कुणाशी भांडून निघालात की काय? तुमच्या आधीच्या सिस्टर अकराला यायच्या, वही बघायच्या, सही ठोकायच्या आणि म्हणायच्या, काका, तुमच्यासारखा नवरा सगळ्या बायकांना मिळो. मी म्हणायचो, जरा मोठ्यानं म्हणा, आतल्या खोलीत ऐकू जात नाही. तुम्ही तर माझ्या मुलीपेक्षाही लहान दिसता — अगं-तुगं केलं तर चालेल ना? चालेल. मग बस पोरी, नीट टेकून बस.

हां, ही वही. जपून, पहिलं पान सुटलंय. आता यात बघ — तारीख, वजन, रक्तदाब, गोळ्या, पाणी किती प्याली. रोज सकाळी, तोंड धुऊन झालं की, पोटात काही जायच्या आत, तोच गाऊन, पायात काही नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं, हिचं हृदय दमलंय, पाणी पुढे ढकलत नाही, मग ते अंगात साठतं, आणि साठतंय हे सगळ्यात आधी वजनाला कळतं — आठवड्यात दोन किलो वाढलं की वाट बघायची नाही, फोन करायचा. मी म्हटलं, डॉक्टर, बाकी काही सांगा, वजनाचं मला सांगू नका. का म्हणजे? अगं, माझी अडतीस वर्षं वजनकाट्यावर गेली. मोठा काटा, ट्रकचा. जमिनीत बसवलेला लोखंडी फलाट, त्यावर अख्खी गाडी चढवायची, आणि आतल्या केबिनमध्ये मी. नावानं मला कुणी ओळखतच नव्हतं, सगळे काटेवाले म्हणायचे. ही अजून म्हणते, राग आला की — "अहो काटेवाले, जरा बाजूला व्हा." आता एवढ्या माणसाच्या घरात एका बाईचं वजन चुकेल? माशाला पोहायला शिकवण्यासारखं आहे ते. अक्षर बघ, एक खाडाखोड नाही.

काय? हां, ही पांढरी छोटी गोळी ना, ती — अगं, पुन्हा तिलाच विचारतेस. ती काय सांगणार, गोळ्या मी काढून देतो, डबी माझ्याकडे, पाण्याची बाटली माझ्याकडे, तिच्यावर रेघा मारल्यात, दिवसाला इतकंच. मिठाची बरणी कपाटावर, तिचा हात पोचत नाही तिथे. तिनं फक्त तोंड उघडायचं. राणीसारखं ठेवलंय — काय? काय म्हणालीस तू? लघवीची गोळी, सकाळीच घ्यायची, संध्याकाळी घेतली तर रात्रभर फेऱ्या. आणि पिवळी रक्तदाबाची, ती घेतल्यावर झटकन उठायचं नाही. हे तुला कुणी सांगितलं? पाकिटावर वाचलंस? कधी? चष्म्याशिवाय तर तुला घड्याळ दिसत नाही. बघ सिस्टर, आतल्या गाठीची आहे ही, मी समजत होतो मी डोळ्यात तेल घालून राखतोय, आणि ही माझ्यामागे अभ्यास करतेय. असू दे, असू दे. वाचलं म्हणून काय झालं, गोळ्या पाडल्या हातातून तर.

हो, तेच सांगतो, वही आणि दवाखाना का जुळत नाही ते. तू त्यासाठीच आलीस ना, कळलं मला, उगाच सकाळी सातला कुणी येत नाही. तेरा-चौदा दिवस झाले. दुपारी जेवायला बसलो होतो, हिचा घास हातात तसाच राहिला, ओठ निळे पडायला लागले, श्वास असा — जाऊ दे. गाडी बोलावली, नेलं. तिथे पोचल्या पोचल्या त्यांनी हिला त्यांच्या काट्यावर घातलं आणि म्हणाले, सहासष्ट. मी म्हटलं, शक्य नाही. सकाळी माझ्या काट्यावर एकसष्ट होतं, तीन महिने एकसष्ट आहे, ही बघा वही. ते म्हणाले, काका, अंगात पाच किलो पाणी आहे, छातीपर्यंत आलंय. मी म्हटलं, पाण्याचं नंतर बघू, तुमचा काटा शेवटचा कधी तपासला? तपासणीचा कागद दाखवा. ती वॉर्डातली बाई माझ्याकडे बघतच राहिली. ही तिथे ऑक्सिजनचा मुखवटा लावून पडलेली, आणि मुखवट्याच्या आतून मला हातानं खूण करतेय, गप्प बसा म्हणून. आता हसतेस, तेव्हा नव्हती हसलीस. नऊ दिवस ठेवलं, पाणी काढलं, आणि सोडताना त्यांच्या काट्यावर एकसष्ट भरली. ठीक. तासाभरात घरी आणलं, माझ्या काट्यावर घातलं — अठ्ठावन्न. आता बोल. त्या दिवसापासून रोज अठ्ठावन्न, चार सकाळी, केसभर इकडे नाही की तिकडे नाही. म्हणजे काटा कुणाचा खोटा? त्यांचा. आपला तो बाब्या असं नाही म्हणत मी, मी माझा काटा दर रविवारी तपासतो. ते बघ, कोपऱ्यात ते लोखंडी वजन — पाच किलोचं, खरं, शिक्का मारलेलं. निवृत्तीला लोकांना घड्याळ देतात, शाल देतात, मला हे दिलं, माझ्याच लोकांनी. ही म्हणाली होती, एवढं जड कौतुक घरी कसं आणणार. दर रविवारी ते काट्यावर ठेवतो, पाच म्हणजे पाच दाखवतो. हातच्या कांकणाला आरसा कशाला, तू ठेवून बघ.

ठेवलंस? पाच. बघितलंस? मग.

काय म्हणतेस? हो, आधी पाचाचा फरक आणि आता तीनाचा, बरोबर. तुझं गणित चांगलं आहे. तर? नाही, थांब — थांब जरा. बरोबर बोलतेस तू. काटा बिघडला तर तो एकसारखा बिघडतो. हे तर मीच शिकवायचो नव्या पोरांना: खराब काटा रोज एकच खोटं बोलतो, रोज वेगळं खोटं बोलतो तो माणूस. आमच्याकडे यायचे ना असे — ठरल्यापेक्षा जास्त माल भरायचा आणि काट्यावर कमी दाखवायचा. कसा, सांगतो. गाडी फलाटावर घ्यायची, पण मागचं एक चाक वीतभर बाहेर ठेवायचं. केबिनमधून दिसायचं नाही, आणि आकडा येतो गोरागोमटा. पण मी पकडायचो. खाली उतरायचो, वाकून चाकं बघायचो, एकेक. आणि नियम एकच: गाडी काट्यावर चढली की ड्रायव्हर, क्लीनर, मालक सगळे खाली, पिवळ्या पट्टीच्या मागे. गाडीला कुणी हात लावायचा नाही. एक मालक होता, नवीन गाडी घेतलेली, लाडानं बॉनेटवर हात टेकून उभा राहायचा, मी घंटी वाजवायचो. तो म्हणायचा, काटेवाले, माझ्या हातानं काय फरक पडतो. मी म्हणायचो, पडो न पडो, काट्यावर जे आहे तेच काट्यावर असलं पाहिजे. अडतीस वर्षांत एक तक्रार नाही माझ्यावर. विचार हिला. हे मात्र विचार.

करून दाखवू? आत्ता? हो, आज वजन व्हायचंच आहे, तू आलीस म्हणून राहिलं. ये गं, ऊठ. हळू. ही एक माझी नेहमीची कसरत आहे, बघ — डावा हात माझ्या खांद्यावर, मी असा मागून, उजवा हात हिच्या काखेखाली, डाव्या हातानं कोपर. आता पाय. एक. दोन. बरोब्बर. "सोडा मला" — ऐकलंस? हे हिचं पालुपद आहे. रोज काट्यावर चढली की सोडा मला, अंघोळीला निघाली की सोडा मला, दिवसातून पन्नास वेळा. लग्नात सप्तपदीला सुद्धा म्हणाली असेल, गडबडीत मला ऐकू आलं नाही. मी काही सोडत नाही. सोडायचं म्हणजे काय — दोन वर्षांपूर्वी मी फक्त कोपऱ्यावर गेलो होतो, न्हाव्याकडे, केस कापायला. तो बोलत बसला, मीही बसलो. घरी आलो तर ही न्हाणीघरात फरशीवर. पाऊण तास. पाऊण तास ती ओल्या फरशीवर पडून होती आणि मी तिथे आरशात बघत कल्ले नीट करून घेत होतो. दार उघडल्यावर काय म्हणाली माहितीये? "बरं आहे." तेव्हापासून मी हिला तळहातावरच्या फोडासारखं जपतो. न्हावी आता घरी येतो.

काय गं? तू काट्याकडे बघ ना. काटा बघ, अठ्ठावन्न. माझ्या हाताकडे काय बघतेस?

काय विचारलंस?

माझ्या हाताचं वजन किती.

थांब. हिला आधी खुर्चीत बसवू दे. बस. बसलीस ना नीट? बरं.

चाक काट्याच्या बाहेर आहे. हेच ना? तू बोलू नकोस, मला कळलं. एवढ्या वर्षांत मी किती चाकं पकडली, आणि हे — हे चाक मीच धरून बसलो होतो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. बघ, आता माझे मलाच सगळे दिवस आठवायला लागलेत. सुरुवातीला मी नुसतं कोपर धरायचो, बोटांनी. मग हिला धाप लागायला लागली, पाय लटपटायला लागले, तसा मी जास्त धरायला लागलो. ती जड होत गेली आणि मी उचलत गेलो. आकडा तिथल्या तिथे. मी वहीत लिहायचो, एकसष्ट, आणि खाली रेघ मारायचो, झोकात.

आणि खरं सांगू? तुला सांगतो, त्या आधीच्या सिस्टरला नसतं सांगितलं, तिनं माझं फार कौतुक केलं होतं. कधी कधी तो काटा सरकायचा वर. एकसष्टच्या पुढे. बासष्ट, साडेबासष्ट. हिचा चेहरा पडायचा, कारण जास्त भरलं की पुन्हा दवाखाना, हे हिला माहीत. मग मी म्हणायचो, अगं नीट उभी राहा, वाकडी उभी आहेस — आणि तिला जरा सरळ करायचो. सरळ म्हणजे — वर. काटा खाली यायचा. ती हसायची. मला वाटायचं, झालं, आता बरोबर उभी राहिली. हिच्या हसण्यासाठी मी — नाही, मुद्दाम नाही, पोरी. मुद्दाम नाही केलं. पण हात माझाच होता ना. ड्रायव्हर पण असंच म्हणायचे, साहेब, मुद्दाम नाही.

अजून काय काय केलं ऐकायचंय? एकदा म्हणाली, चपला घट्ट होतायत. मी त्याच संध्याकाळी जाऊन एक नंबर मोठ्या आणल्या, मऊ तळव्याच्या. केवढा खूष होतो मी, शब्द खाली पडू दिला नाही म्हणून. पाय सुजले होते, चपला नव्हत्या आटल्या. मग म्हणाली, आडवं झालं की छातीवर दडपल्यासारखं होतं, दोन उश्यांनी भागत नाही. मी तिसरी उशी आणली. कापसाची, स्वतः दाबून बघून. म्हणजे ती सांगत होती. "बरं आहे"च्या पुढे ती सगळं सांगत होती, आणि मी ते ऐकून दुकानात जात होतो.

आणि "सोडा मला" — हेही कळून म्हणत होतीस तू? काट्यावर उभं राहून? अगं मग स्पष्ट का नाही — म्हणालीस? किती वेळा? वहीत मी नाही लिहिलं ते. त्याला रकानाच नव्हता.

नाही, रडत नाहीये. सकाळी डोळ्यांतून पाणी येतं माझ्या, वयानं. त्याची वही ठेवत नाही मी.

एकटी? नको. सिस्टर, नको ना. ती पडली तर? तू तरुण आहेस, तुला वाटतं काट्यावर चढणं म्हणजे काय, हे एवढंच उंच. मला ती फरशी दिसते. मी घाबरतो, पोरी, सरळ सांगतो. ती पडेल म्हणून घाबरतो, आणि ती पडली नाही तर मग माझा हात कशाला लागेल, म्हणून पण — हे तू ऐकलं नाहीस. हिनं ऐकलं. बरं झालं. नाही तर म्हणणार, हा माणूस आयुष्यात एकदा खरं बोलला आणि मी नेमकी आत होते.

ठीक आहे, सांग, कसं करायचं. काटा भिंतीजवळ. ती जड खुर्ची पुढे, पाठ तिच्याकडे. चढताना खुर्चीला धरायचं, उभं राहिलं की हात सोडायचे, आकडा बघायचा, पुन्हा धरून उतरायचं. एवढंच? आणि तू बाजूला उभी राहणार, हात न लावता. दोन दिवस तू, मग ती, आणि मी दाराशी. मला हे सुचलं नाही. अडतीस वर्षं काटा, आणि एक खुर्ची सुचली नाही. थांब, ती खुर्ची डुगडुगते. पुठ्ठा. आत्ता घालतो पुठ्ठा, या कॅलेंडरच्या मागचा फाडतो, गेलेलेच महिने आहेत. घातला. हलवून बघ. हलत नाही.

मी कुठे उभा राहू? इथे? नाही, हे फार जवळ आहे, माझा हात आपोआप जाईल. या फरशीच्या जोडावर उभा राहतो, ही माझी पिवळी पट्टी. हात मागे बांधले, बघ. ड्रायव्हर खाली, क्लीनर खाली, मालक — मालक तर या घरात मी कधी नव्हतोच. ये गं. खुर्चीला धर. एक पाय. दुसरा. आता —

सोड.

उभी आहे. सिस्टर, उभी आहे ती.

अठ्ठावन्न. एकोणसाठ. जातोय पुढे. साठ, एकसष्ट. थांब ना रे बाबा. बासष्ट. त्रेसष्ट. थांबला. त्रेसष्ट.

त्रेसष्ट म्हणजे — दवाखान्यातून एकसष्ट निघाली होती. दोन किलो. पाच दिवसांत दोन. आणि मी अठ्ठावन्न लिहून निवांत झोपत होतो. अजून आठवडाभरात तोच घास हातात राहिला असता ना? खोटं बोलू नकोस मला. पण आज कळलं. आज कळलं म्हणजे नुसत्या फोनवर भागेल? गोळी वाढवतील, उद्या पुन्हा बघायचं, दम वाढला तरच न्यायचं. बरं. वेळेत आहोत म्हणतेस. लाव फोन — नाही, तू नको. तिला दे. आकडा तिनं बघितलाय. आणि हे पेन पण तिलाच दे. त्या चार अठ्ठावन्नांवर काट मार गं, चारींवर. खाडाखोड होईल, होऊ दे. आणि शेजारी एक रकाना काढ, तुझा. काय वाटेल ते लिही त्यात. माझी तक्रार लिहिलीस तरी चालेल, अडतीस वर्षांत एक नव्हती, एखादी हवीच.

मी इथेच आहे. जोडाच्या मागे.

काय म्हणतायत डॉक्टर? आणि तू वहीसाठी काय विचारतेस पोरी, काल रात्री झोप कशी लागली? काल ना, ही पहिल्यांदा अकराला —

तिलाच विचार.